'रझाकार' या शब्दाचा अर्थ

उर्दूच्या तासाला 'रज़ाकार' हा शब्द आला की त्याचा अर्थ सांगायला मला अर्धं मिनिट लागतं. रज़ा म्हणजे मर्जी, राजीखुशी. कार म्हणजे करणारा. आपल्या मर्जीने, मोबदला न घेता काम करणारा तो रज़ाकार. पूर आला, साथ आली, हाजींना मदत हवी असली की उर्दू वर्तमानपत्रांत आजही हा शब्द याच साध्या अर्थाने छापून येतो. मुलं वहीत लिहून घेतात आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळतो.

त्याच शाळेत दुपारी मी मराठी शिकवते. तिथे हा शब्द येतो तेव्हा माझा आवाज जरा खाली जातो. मराठीत येताना 'ज़'चा 'झ' झाला आणि स्वयंसेवकाची शिवी झाली. का झाली, हे मला माहीत आहे. मराठवाड्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण ते माझ्या स्वतःच्या मुलांना कधी सांगावं लागेल, याचा विचार मी केला नव्हता.

१७ सप्टेंबर २०२४. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. माझी मोठी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत होती. त्याच वर्षी 'रझाकार' नावाचा एक सिनेमा येऊन गेला होता, त्यातले तुकडे मुलांच्या मोबाईलवर फिरत होते. झेंडावंदन झालं, भाषणं झाली, खाऊ वाटला. घरी आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी चपात्या लाटत होते.

"अम्मी, आपण रझाकार होतो का?"

वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं म्हणे. भांडणात नाही, सहजच. 'तुम्ही लोक रझाकारच होतात ना?' ती रडली नव्हती. तिला फक्त उत्तर हवं होतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं.

मी म्हणाले, "नाही गं. आपण पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरणारी माणसं."

"पण तेव्हा आपण होतो कुठे? परदादा, परदादी काय करत होते?"

मी तव्यावरची चपाती उलटली. ती करपली होती.

वीस वर्षांपासून मी शिकवते. जवळपास दर १७ सप्टेंबरला शाळेत माझं पाच मिनिटांचं भाषण असतं. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव असतं, सत्याग्रहींचं असतं, आणि शोएबुल्ला खानांचं तर मी न चुकता घेते. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे ते संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावं असं त्यांनी लिहिलं, रझाकारांच्या विरोधात लिहिलं, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना रात्री घरी परतताना गाठून मारलं. त्यांचा हातही तोडला. उर्दूत लिहिणारा एक मुसलमान या लढ्यात मेला, हे सांगताना माझी मान ताठ होते. खरं सांगायचं तर ते नाव मी ढालीसारखं वापरत आले. ते एकदा घेतलं की पुढचं काही बोलावं लागत नाही.

पुढचं म्हणजे आमच्या घरातलं. माझी दादी मुक्तिसंग्राम हा शब्द कधी बोलली नाही. तिच्यासाठी ते 'पुलिस एक्शन' होतं. आमच्या लहानपणी घरातल्या सगळ्या तारखा त्यावरूनच मोजल्या जात. अमक्याचं लग्न पुलिस एक्शनच्या आधी, तमकीचा जन्म पुलिस एक्शननंतर दोन वर्षांनी. "पुलिस एक्शन में तेरा बाप गोद में था," एवढं ती सांगायची. औसा तालुक्यातलं गाव सोडून ती माणसं नांदेडला आली. गावातल्या पाटलाच्या घरी दोन रात्री लपून काढल्या होत्या. दादांचा थोरला भाऊ मारला गेला होता. इतकंच. त्यापुढे ती सुपारी कातरायला घ्यायची.

मुक्तिसंग्राम आणि पुलिस एक्शन. एकाच आठवड्याची दोन नावं. एक शाळेतलं, एक घरातलं. चाळीस वर्षं मी दोन्ही बोलत आले आणि दोघांची कधी गाठ पडू दिली नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जायचं मी ठरवलं. मुलांच्या अब्बूंना ते पटलं नाही. "बच्चों को अब्बी से ये सब कायकू बताना? सुट्टी है, खुलताबाद चलो, अजिंठा चलो." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. धाकटा दहा वर्षांचा. पण मी म्हणाले, कुणीतरी सांगणारच आहे. मोबाईल सांगेल, नाहीतर वर्गातला मुलगा सांगेल. त्यापेक्षा आपण सांगू. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग गाडीच्या चाकांत हवा भरून आणायला गेले. त्यांचा होकार असाच असतो.

बीएडला आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवलं होतं. मी या प्रवासाचंही टाचण काढलं. तीन ठिकाणं, तीन दिवस. पहिलं ठिकाण, जिथे आपल्या नावाने इतरांना मारलं गेलं. दुसरं, जिथे लढाई झाली. तिसरं, जिथे आपल्याला मारलं गेलं आणि वाचवलंही गेलं. क्रम असाच हवा, याबद्दल मी ठाम होते. आधी आपलं दुःख दाखवलं तर मुलांना दुसऱ्याचं दिसत नाही. शेवट पाटलाच्या वाड्यावर, माणुसकीवर. टाचण मला फार आवडलं होतं.

नांदेडहून उदगीर, पुढे भालकी. गाडीत मी मुलांना पार्श्वभूमी सांगितली. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यातले पाच मराठी: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. लातूर, औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. राजा निजाम मीर उस्मान अली खान. प्रजेतले शंभरातले पंच्याऐंशी हिंदू, पण वरच्या जागांवर आणि कारभारात मुसलमान जास्त. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला, निजाम सामील झाला नाही. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनची रझाकार नावाची फौज उभी राहिली. तिचा प्रमुख कासिम रझवी, लातूरचा वकील.

"म्हणजे आपल्याच गावाजवळचा?" मोठीने विचारलं.

"हो, आपल्याच गावाजवळचा."

धाकट्याला संस्थानाचं रेल्वे आणि नाणी स्वतःची होती हे ऐकून फार मजा वाटली. मुलांचं असंच असतं. त्यांना आधी तेच दिसतं जे त्यांच्या हातात मावतं. घाई करू नये.

गोरटा हे गाव आज कर्नाटकात, बसवकल्याणच्या बाजूला आहे. मे १९४८ मध्ये रझाकारांनी या गावावर हल्ला केला. दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली असं सांगितलं जातं. गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. पाट्या कानडीत, पण लोक मराठी बोलत होते. गाडीतून उतरताना मी ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि लगेच मनात आलं, काढावी का? मग स्वतःचीच लाज वाटली. मुलं बघत होती. ओढणी तशीच राहू दिली.

मी मुलांना काही समजावलं नाही. एवढंच म्हणाले, "इथे दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. ज्यांना मारलं त्यांच्यासाठी." धाकट्याने हळूच विचारलं, "फातेहा पढायची का?" मी म्हणाले, "तुझ्या मनात जी दुआ येईल ती कर." तो डोळे मिटून उभा राहिला. मोठी वहीत काही लिहीत होती.

एक वयस्क गृहस्थ आले. कुठून आलात विचारलं. नांदेड म्हटलं. नावं विचारली, मी सांगितली. ते क्षणभर थांबले. मला वाटलं आता काही बोलतील. ते म्हणाले, "लांबून आलात. लेकरांनी पाणी घेतलं का?" आणि घराकडे हात करून पाणी आणायला सांगितलं. बस, इतकंच झालं. त्यांनी काही सुनावलं नाही आणि 'तुमचा काय दोष' असंही म्हटलं नाही. पाणी दिलं. परत निघताना मोठी म्हणाली, "ते आपल्यावर रागवायला हवे होते का?" मी म्हणाले, मला माहीत नाही. शिक्षकाने मुलांसमोर 'मला माहीत नाही' म्हणणं किती अवघड असतं, हे शिक्षकांना विचारा.

रात्री उमरग्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. सगळी वाट मुलं याच दिवसाची बघत होती. बोरी नदीचं पाणी किल्ल्यातच बांध घालून अडवलेलं, त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. सांडव्यांना नर आणि मादी म्हणतात. पाऊस चांगला झाला की त्यातून पाणी कोसळतं. धाकटा तिथून हलायलाच तयार नव्हता. तासभर मी इतिहासाचं नाव काढलं नाही. किल्ला बघताना किल्लाच बघावा.

मग बुरुजावर सावलीत बसून सांगितलं. १३ सप्टेंबर १९४८ला पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून आलं ते याच वाटेने. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. पाच दिवसांत सगळं संपलं. १७ला निजामाने युद्ध थांबवलं, १८ला त्याच्या सेनापतीने, जनरल एल इद्रूस यांनी, मेजर जनरल जयंतो नाथ चौधरींपुढे शरणागती पत्करली.

"रणगाडे होते?"

"होते."

"मग याला पोलीस ॲक्शन का म्हणतात? पोलिसांकडे रणगाडे कुठे असतात?"

दहा वर्षांचं पोर. मी सांगितलं, दुसऱ्या देशाशी केलं तर ते युद्ध. हा आपलाच भाग, इथे आपण फक्त बंदोबस्त करतोय, असं सरकारला जगाला दाखवायचं होतं. म्हणून ते नाव. तो म्हणाला, "म्हणजे नाव कुणी ठेवलं ते बघायला पाहिजे." मोठीने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला 'रज़ाकार'चा अर्थ आठवला, पण मी काही बोलले नाही.

तिसरा दिवस गावाचा. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथल्या माणसांना त्रास नको. अब्बांनी सांगितलेल्या खुणेवरून गेलो. वेस पडलेली, मशीद नव्याने बांधलेली, पिंजाऱ्याचं घर होतं तिथे आता पिठाची गिरणी. पाटलांचा वाडा अर्धा उभा होता. ओसरीवर एक म्हातारे बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. १९४८ साली ते दहा-अकरा वर्षांचे होते. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसून माझ्याकडे बघितलं.

"पिंजाऱ्याची नात का तू? बस, लेकी. लेकरांना आत घ्या रे."

त्यांच्या सुनेने चहा आणला, मुलांना शेंगदाण्याचे लाडू दिले. तात्यांनी आम्हाला आत नेऊन भिंत दाखवली. दोन भिंतींच्या मध्ये धान्य साठवायचं बळद होतं, आता बुजवलेलं. दादी दोन वर्षांच्या अब्बांना घेऊन तिथे दोन रात्री बसली होती. पोरगं रडू नये म्हणून तात्यांची आई त्याच्या तोंडात गुळाचा खडा देत होती. माझे डोळे भरून आले. माझ्या टाचणातला पाठ अगदी ठरल्यासारखा चालला होता.

मग मी विचारलं, "तात्या, माझ्या दादांचे थोरले भाऊ कसे गेले, तुम्हाला आठवतं?"

तात्यांनी मुलांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "सांगू का?"

मी हो म्हणाले. अजूनही कधीकधी वाटतं, नाही म्हणायला हवं होतं.

"त्यो रझाकार व्हता की. तुला म्हाईत न्हाई व्हय? खाकी डगला घालायचा. लेव्हीचं धान्य गोळा करायला येणाऱ्यांच्या संगं हिंडायचा. माझ्या बापानं लेव्ही द्यायला ना म्हणलं, तव्हा आमची कडब्याची गंजी पेटवली त्यांनी. त्यो व्हता त्यात. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. वर्षाची वैरण. दोन बैल उपाशी विकावं लागलं."

ओसरीवर कुणी बोलेना. मोठीची पेन्सिल थांबली होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनेच विचारलं.

"मग तुमच्या वडिलांनी आमच्या परदादीला लपवलं का?"

तात्या म्हणाले, "म्या बी इचारलं व्हतं बापाला. मला लई राग व्हता. बाप म्हणला, गंजी त्यानं पेटवली. हिनं न्हाई."

"आणि त्यांना?"

"त्याला वेशीपाशी गाठला. भाईरच्या गावची माणसं व्हती, आपल्या गावची बी व्हती. त्याला वाचवावं असं आमच्या मनात बी आलं न्हाई. खोटं कशाला बोलू." ते थोडं थांबले. "त्याची बायको बी व्हती. एक पोरगी व्हती चार वर्साची. त्यांचं मातर इचारू नगा, लेकरं हायती."

मुलांचे अब्बू तेवढ्यात उठले आणि धाकट्याला म्हणाले, चल, गोठ्यातली वासरं बघू. तो गेला. मोठीला त्यांनी बोलावलं नाही, आणि तीही उठली नाही. आम्हाला दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं, पण दहा वर्षांच्या मुलाने कुठवर ऐकायचं आणि चौदा वर्षांच्या मुलीने कुठवर, ही रेघ त्या एका क्षणात आखली गेली. पुस्तकात ती सापडत नाही.

दादीने जावेचं नाव आयुष्यात एकदाही घेतलं नव्हतं. तिला जाऊ होती, हेच मला त्या दिवशी कळलं.

लातूरला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गंजगोलाईत दिव्यांची गर्दी, कपड्यांची दुकानं, भेळेच्या गाड्या. धाकटा भेळ खाऊन झोपला. मोठी आणि मी लॉजच्या गच्चीवर बसलो. मी तिला फोनवर सुंदरलाल समितीच्या अहवालाबद्दल दाखवलं. पोलीस ॲक्शननंतर संस्थानात काय घडलं हे बघायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. १९४८ संपायच्या आत ते गावोगाव फिरले. अगदी कमीत कमी धरलं तरी २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ चार जिल्ह्यांना: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. ज्या लातुरात आम्ही बसलो होतो तिथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार सापडले. हा अहवाल वर्षानुवर्षं सरकारने लोकांपुढे आणला नाही. २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकात तो छापून आला.

त्याच अहवालात दुसरंही आहे. एका ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवलं, त्यात स्वतःचे जीव गमावले. पळवलेल्या बायकांना परत मिळवायला अनेक हिंदूंनी मदत केली. आणि समितीने रझाकारांनी आधी केलेले अत्याचारही झाकले नाहीत.

मोठी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो मुलगा बरोबर बोलला होता."

नळदुर्गला मी म्हणू शकले असते, नाही बेटा, तो चूक होता. आता ते म्हणता येत नव्हतं.

"त्याने 'तुम्ही लोक' म्हटलं, ते चूक," मी म्हणाले. "पण आपल्या घरात एक होता. ते खरं."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कापूस पिंजत होते. तुझे परदादा तर त्या भावाशी बोलतही नव्हते की बोलत होते, तेही मला ठाऊक नाही."

"निजामाला काय शिक्षा झाली?"

हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं, आणि उत्तर प्रत्येक वेळी मला जड जातं. निजामाला शिक्षा झाली नाही. तो १९५० ते १९५६ हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. कासिम रझवी तुरुंगात गेला, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. कराचीत १९७० साली अंथरुणावर मेला. आणि लातुरात, औशात, गावागावांत पिंजारी, विणकर, खाटीक, मुल्ला, त्यांच्या बायका, त्यांच्या चार वर्षांच्या पोरी मारल्या गेल्या. गोरट्यात शेतकरी मारले गेले, त्यांनाही कुणी काही विचारलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं ते वाचले. ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांनी किंमत मोजली. दोन्हीकडे.

"मला गंजीचं जास्त वाईट वाटतंय," ती म्हणाली. "मारलं त्याचं पण वाटतंय. पण गंजीचं वेगळं वाटतंय. ते आपलं आहे ना."

मी तिला जवळ घेतलं. मला हेच शिकवायचं होतं का, मला माहीत नाही. माझ्या टाचणात हे नव्हतं. मी तिला दोन खोल्या दाखवायला निघाले होते, एक त्यांच्या दुःखाची आणि एक आपल्या. तात्यांनी दाखवलं की घर एकच आहे. ज्या बळदात आपण वाचलो, त्याच घराची वैरण आपण जाळली होती. आणि ज्या गावाने आपल्याला लपवलं, त्याच गावातल्या काहींनी वेशीपाशी मारलं. यातलं एक वगळून दुसरं सांगितलं की ते खोटं होतं. दादी अर्धं गप्प राहिली, कारण तिला जगायचं होतं. मी अर्धं गप्प राहिले, कारण ते सोयीचं होतं. या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

रात्री अब्बांना फोन केला. गाव बघितलं, बळद बघितलं, सगळं सांगितलं. मग थोडं थांबून, तात्यांनी काय सांगितलं तेही. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

"हौ," अब्बा म्हणाले. "मालूम था मेरे कू."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"तू पूछी नै ना कब्बी."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्याची मुलगी इतकी वर्षं शाळेत याच दिवसावर भाषण देते, आणि तिने बापाला एकदाही विचारलं नाही. सकाळी मी त्यांना पुन्हा फोन केला आणि त्या काकूंचं नाव विचारलं. त्यांना नाव आठवलं. पोरीचं नाही आठवलं.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी असं एखादं बुजवलेलं बळद असेल. मुसलमान घरांत असेल, हिंदू घरांतही असेल. मुलांना घेऊन जायचं म्हणत असाल तर माझ्या चुकांमधून एवढं सांगते. आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मग गाडी काढा. मुलांना उत्तर देण्याची घाई करू नका, त्यांचा प्रश्न पूर्ण होऊ द्या. मूल लहान असेल तर गोठ्यातली वासरं दाखवायला नेणारं एक माणूस सोबत ठेवा. मध्ये एक दिवस पाण्याचा, किल्ल्याचा, भेळेचा असू द्या. आणि शेवट आधीच ठरवून जाऊ नका. मी ठरवून गेले होते. शेवट तात्यांच्या ओसरीवर होता, आणि तो माझ्या हातात नव्हता.

या वर्षीच्या १७ सप्टेंबरला शाळेतलं माझं भाषण पाचाऐवजी सात मिनिटांचं झालं. स्वामीजी होते, शोएबुल्ला खान होते, गोरटा होतं. मग मी म्हणाले की मुक्तीनंतरच्या दिवसांत आपल्याच जिल्ह्यांत हजारो निरपराध माणसं मारली गेली, आणि त्यांनाही आज आठवूया. मग म्हणाले की माझ्या घरातला एक माणूस रझाकार होता. सभागृहात शांतता झाली. नंतर एक सहकारी म्हणाल्या, "मॅडम, ते शेवटचं कशाला? कुणी विचारलं होतं का?" त्यांचा स्वर काळजीचाच होता. मी म्हणाले, "माझ्या मुलीने विचारलं होतं."

त्या मुलाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. सुट्टी संपल्यावर मोठीने त्याला गाठलं होतं. घरी येऊन तिने सांगितलं.

"मी म्हटलं, आमच्या घरात एक होता. बाकीचे नव्हते. तुमच्या घरातले तेव्हा काय करत होते?"

"मग काय म्हणाला तो?"

"त्याला माहीत नव्हतं," ती दप्तर खुंटीला अडकवत म्हणाली. "म्हणाला, आजीला विचारून सांगतो."